निव्वळ उत्पन्न

आमच्या मामासाहेबांचं आजवर एकदाही नुकसान झालेलं नाही. पिकं बुडाली, बोअर आटली, एका पावसाळ्यात गोठ्याची भिंत म्हशीसकट शेजाऱ्याच्या अंगणात गेली. पण नुकसान म्हणाल तर नाही. ज्याचा धंदा कसा करायचा हे अजून कुणाला सुचलेलं नाही, अशा उत्पन्नाला अडाणी लोक नुकसान म्हणतात, असं त्यांचं ठाम मत आहे. आणि सुचायला ते स्वतः घरात बसलेलेच आहेत.

नात्याने ते माझे मामेसासरे. राहणार पीपलरावां, जिल्हा देवास. इंदूरहून निघालं की देवास मागे टाकायचं, भोपाळच्या रस्त्याला सोनकच्छ लागतं, तिथून आत वळायचं. मामासाहेबांची जमीन गावाबाहेर, नाल्याच्या काठाला. किती बिघे, हे विचारू नये. मामासाहेब सांगतात ती सीलिंगच्या आधीची असते, मामी सांगतात ती भावकीच्या वाटण्या झाल्यानंतरची, आणि खरी पटवाऱ्याच्या दप्तरात.

माळव्यातल्या जुन्या मराठा घरांत हा नमुना गल्लीगणिक एक तरी सापडतोच. तुकोजी आणि जिवाजी पवार या भावांनी १७२८ च्या सुमारास देवासला बस्तान बसवलं, त्यांच्यामागोमाग जी घराणी आली त्यांचे हे वंशज. घोडे गेले, जमिनी गेल्या, भिंतीवरचा वाघाच्या कातड्याचा चौकोन तेवढा फिकट राहिला. देवासला एकाच गावात दोन राजे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती, दरबारही दोन. मामासाहेबांचे पणजोबा तिथे शिकारखान्यावर होते. ऐकणारा थोरल्या पातीकडचा असला तर थोरल्या पातीच्या, धाकटीकडचा असला तर धाकटीच्या. एका लग्नात दोन्हीकडचे पाहुणे एकाच पंगतीला आले, तेव्हा पणजोबांना आळीपाळीने दोन्हीकडे नोकरी करावी लागली.

ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी सचिव होता. त्याला पहिलं रानडुक्कर आमच्या पणजोबांनीच दाखवलं म्हणे. पुढे त्या साहेबाने देवासवर अख्खं पुस्तक लिहिलं, ते १९५३ साली छापलंही गेलं. त्यात पणजोबा कसे नाहीत, असं मी एकदा विचारून पाहिलं.

"इंग्रज, जावईबापू," मामासाहेब म्हणाले. "उपकार लिहून ठेवत नाहीत."

मामासाहेबांचे हिशेब लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर होतात. लाल रिफिलचं पेन. वर "श्री". त्याखाली लगेच "निव्वळ उत्पन्न" आणि भला मोठा आकडा, दोनदा अधोरेखित. खर्च नंतर मांडायचा, जागा उरली तर. जागा उरत नाही. २०२२ साली माळव्यात लसणाचा भाव इतका पडला की लोकांनी गोण्याच्या गोण्या नदीत ओतल्या. मामासाहेबांनी शेजाऱ्यांचाही लसूण घरी आणवला, कारण पत्रिकेच्या पाठीवर लसूण-पावडरीचा कारखाना उभा राहिला होता. लसूण गच्चीवर वाळत पडला. मामींचे तीन मिक्सर कामी आले. त्याच आठवड्यात धाकट्या मेहुणीला पाहायला ग्वाल्हेरची मंडळी आली, दिवाणखान्यात जेमतेम दहा मिनिटं बसली आणि पुढचा सगळा कार्यक्रम त्यांनी अंगणात उरकला. स्थळ गेलं. उरलेली पावडर आम्ही सगळे नातेवाईक अजून दाल-बाटीत वापरतो. मामासाहेबांच्या लेखी त्या वर्षी "मालाचं वितरण उत्तम झालं".

आता डुकरांकडे येतो.

नाल्याच्या काठाला बाभूळ आणि बेशरमीचं रान माजलंय, त्यात रानडुकरांचा मुक्काम. रात्री गावातले दिवे मालवले की कळप वर येतो. पुढे एखादी वयस्क मादी, तिच्यामागे बाकीच्या माद्या आणि पिलं. मोठा सुळेवाला नर बहुधा एकटाच हिंडतो. डोळ्यांनी अधू, पण नाक असं की मातीखाली कुठे बटाटा आहे हे शेतकऱ्याच्या आधी त्याला कळतं. खातं त्याच्या कितीतरी पट उलथून ठेवतं. सकाळी वरंब्यावर उभं राहिलं की अर्धवट चावलेले बटाटे, मुळं वर आलेली झाडं आणि मधूनच खुरांच्या जोडखुणा, एवढंच दिसतं. नीलगाय, म्हणजे इकडचा रोजडा, वरवरचं खातो. डुक्कर मुळाशी जातं. शेतकरी डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रात्र रात्र मचाणावर बसतात ते कुणी हौस म्हणून नाही.

उपाय गावात सगळे झाले. न्हाव्याकडून पोतंभर केस आणून बांधावर टाकले, माणसाच्या वासाने डुक्कर बिचकतं म्हणून. पहिल्याच वाऱ्याला ते केस खळ्यावरच्या तुरीत मिसळले आणि महिनाभर आम्ही वरण निवडून खाल्लं. मग मामींच्या जुन्या साड्या शेताभोवती ताणल्या. लग्नातला शालू वगळता सगळं कपाट बांधावर आलं. रस्त्याने जाणाऱ्या बायका थांबून ओळखू लागल्या : ही गेल्या राखीची, ही थोरलीच्या बारशाची. चार-दोन रात्री डुकरं दबकली. मग एका पहाटे आली, नेमकी माहेश्वरी ओढून नाल्यात घेऊन गेली. मामींनी एवढंच म्हटलं, "पारख आहे."

मामींना डुकरांबद्दल तसा राग नाही. दशावतारातला तिसरा अवतार आहे, त्याला शिव्या देऊ नका, असं त्या म्हणतात. त्यावर मामासाहेबांचं म्हणणं, अवतार पृथ्वी वर काढायला आला होता, आमचे बटाटे नव्हे.

अशातच टेक्सासहून पुतण्याचा फोन आला.

पुतण्या तिकडे ऑस्टिनला संगणकाच्या कंपनीत आहे. त्याने सहज सांगितलं की तिकडेही रानडुकरांचा असाच सुळसुळाट आहे, पण तिकडचा शेतकरी रडत नाही, तिकीट लावतो. टेक्सासात नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खासगी मालकीची. जमीनमालक शिकाऱ्यांकडून माणशी पैसे घेतो, मचाण देतो, राहायला खोली देतो, अंधारात दिसणारी दुर्बीण भाड्याने देतो. २०११ साली तिथे कायदा झाला, तेव्हापासून हेलिकॉप्टरमधून डुक्कर मारायलाही लोक पैसे भरून जातात. २०१९ नंतर तर खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने डुक्कर मारायला शिकारीचा परवानासुद्धा लागत नाही.

मामासाहेबांनी फोन स्पीकरवर ठेवून पत्रिका शोधली. ती आमच्याच चुलत मेव्हण्याच्या लग्नाची निघाली, आणि लग्न व्हायचं होतं.

आमच्या भागात टपोऱ्या काबुली चण्याला डॉलर चणा म्हणतात. मंडीत भावही त्याच नावाने पुकारतात. "इतकी वर्षं डुकरं आपले डॉलर खाऊन राहिली आहेत," मामासाहेब म्हणाले, "आता त्यांनी ते परत करायला काय हरकत आहे?"

मी एक फरक दाखवून द्यायचा प्रयत्न केला. टेक्सासातलं डुक्कर तिथलं नव्हेच. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी अमेरिकेत पाळीव डुकरं नेली, ती सुटून रानोमाळ झाली. म्हणून तिथे त्याला कुणी वाली नाही. आपल्याकडचं रानडुक्कर मूळचं इथलंच. बाहेरून आले ते आपण, १७२८ च्या सुमारास. मामासाहेबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "पण सातबारा कुणाच्या नावावर आहे?" मध्य प्रदेशात सातबारा नसतो, खसरा असतो, पण वादात ते मराठी होतात.

पुढच्या सोमवारी मी, मामासाहेब आणि पत्रिका असे तिघे तालुक्याच्या गावी एका कार्यालयात गेलो. टेबलामागचा माणूस सज्जन होता. त्याने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, चहा मागवला, आणि सांगितलं की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे. रानडुक्कर आता अनुसूची दोनमध्ये आहे. पिकाला किंवा माणसाला उपद्रव होत असेल तर कलम ११ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने नेमलेला अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो, कारणं नमूद करून. विनापरवाना मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि शिकार म्हणजे नुसती गोळी नव्हे. सापळा लावणं, हाका घालणं, आमिष ठेवणं आणि या सगळ्यांचा नुसता प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच.

"विचार करणं?" मामासाहेबांनी विचारलं.

"विचाराला काही नाही."

"मग आम्ही आतापावेतो कायद्यातच आहोत." त्यांनी पत्रिका काढली. "आता मला सांगा, डुक्कर माझ्या शेतात शिरलं. माझे बटाटे खाऊन लठ्ठ झालं. ते कुणाचं?"

"कुणाचंच नाही. वन्यप्राणी आहे."

"आणि तुमची परवानगी काढून मारलं तर?"

"मग सरकारचं. कलम एकोणचाळीस. मेलेला वन्यप्राणी सरकारी मालमत्ता."

"म्हणजे जिवंत आहे तोवर त्याचं जेवण माझ्याकडे, आणि मेलं की वारस सरकार."

"वारस कसला, साहेब. मांस विकता येत नाही, खाता येत नाही. पंचनामा करून विल्हेवाट लावायची."

"आणि इंदूरहून एखादा हौशी गडी आला, त्याने मला पाच हजार देऊन गोळी घातली तर?"

सज्जन माणसाने चहाचा कप खाली ठेवला. "तर तुम्ही दोघं इथे याल, पण मला चहा मागवता येणार नाही."

दुसरा कुणी असता तर तिथे पत्रिका फाडली असती. मामासाहेब परतताना गाडीत खूश होते. कायद्यात कलम ६२ आहे, हे त्यांना नवं कळलं होतं. त्या कलमाखाली केंद्र सरकार एखाद्या प्राण्याला ठरावीक भागात, ठरावीक मुदतीपुरतं उपद्रवी जाहीर करू शकतं. मग तेवढ्यापुरतं त्याचं संरक्षण जातं. २०१५-१६ मध्ये बिहारात नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर, हिमाचलात माकडं अशी जाहीर झालीही होती. २०१६ च्या जूनमध्ये त्यावरून केंद्रातल्या दोन मंत्र्यांचं, प्रकाश जावडेकर आणि मेनका गांधी यांचं, जाहीर वाजलं. मामासाहेबांनी त्या वेळी दोघांनाही अभिनंदनाची पत्रं पाठवली होती, हे त्यांनी मला आता सांगितलं. जावडेकरांना शेतकरी म्हणून, मेनकाजींना वराहभक्त म्हणून. दोन्ही पातींत नोकरी करणं रक्तातच आहे.

केरळची बातमी वाचून तर त्यांना रात्री झोप लागली नाही. तिथे २०२२ पासून पंचायतीच्या अध्यक्षालाच पिकात शिरणारं रानडुक्कर मारायची परवानगी देता येते, आणि यादीतल्या परवानाधारक नेमबाजाला डुकरामागे मानधनही मिळतं. म्हणजे भारतात राहून, कायद्याने, डुक्कर मारून रोख रक्कम! पहाटे साडेपाचला फोन. "जावईबापू, मल्याळम यायला किती दिवस लागतात?"

बंदुकीचा प्रश्न होताच. बंदूक आहे. आजोबांची बारा बोअरची, लायसन्सवाली. पण निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करावी लागते, आणि आपल्याकडे निवडणुका काही कमी नाहीत. विधानसभा झाली, सोडवून आणली. लोकसभा आली, परत जमा. मग नगर परिषद. घरापेक्षा तिचा मुक्काम ठाण्यात जास्त. कुणी विचारलं की मामी सांगतात, "माहेरी गेलीय." मामासाहेबांनी त्या बंदुकीने आजवर काय मारलं, याचा तपशील निरनिराळ्या वेळी निरनिराळा येतो. मामींचा एकच : दिवाळीतला आकाशकंदील.

मधल्या काळात सरकारी मदत मागून पाहिली नाही असं नाही. जंगली जनावराने पीक खाल्लं तर मध्य प्रदेशात महसूल खातं भरपाई देतं. राजस्व पुस्तक परिपत्रक सहा-चार. गावात लोक नुसतं "छह-चार" म्हणतात. पटवारी येतो, पंचनामा होतो, नुकसानीचे टक्के बसवले जातात. मामासाहेबांनी त्या अर्जावरही आधी सही करायला नकार दिला, कारण मथळ्यातच "क्षति" असा शब्द होता. शेवटी मामींनी केली. पीक विम्यातही २०२६ च्या खरिपापासून जंगली जनावरांचा उपद्रव धरणार, बहात्तर तासांच्या आत मोबाइलवरून फोटो टाकायचा, असं जाहीर झालंय. मामासाहेबांनी त्याची तालीम म्हणून डुकराबरोबर स्वतःचा फोटो काढायचा प्रयत्न केला. फोटो पिकाचा टाकायचा असतो हे त्यांना सांगेपर्यंत ते बाभळीवर होते.

२०२५ चा ऑक्टोबर मात्र आमच्या घराच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखा. शेजारच्या शाजापूर जिल्ह्यात सरकारने काळवीट आणि रोजडे पकडायची मोहीम काढली. रॉबिन्सन बनावटीचं हेलिकॉप्टर, दक्षिण आफ्रिकेतून आलेले तज्ज्ञ, आणि खाली शेतात बोमा, म्हणजे तोंडाशी रुंद आणि पुढे अरुंद होत जाणारं पडद्यांचं कुंपण. वरून हेलिकॉप्टर हाकतंय, खालून जनावरं त्या वाटेने आत जातायत, शेवटी गाडीत. बेशुद्ध करायचं कामच नाही. ८४६ काळवीट आणि ६७ नीलगायी अशा पकडून गांधीसागर आणि इतर जंगलांत नेऊन सोडल्या.

मामासाहेब डबा घेऊन बघायला गेले. मागच्या सीटवर हाली, म्हणजे सालदार, त्याच्या मांडीवर पाण्याची कळशी. दिवसभर मान वर करून परतले ते मान आखडूनच. पण डोळ्यांत निराळं तेज. पत्रिका मागवली. "आपण भाड्याने देऊ," म्हणाले.

"काय?"

"जमीन. हेलिकॉप्टर उतरायला."

हेलिकॉप्टर पीपलरावांला कशाला उतरेल, डुक्कर हरणासारखं रांगेत पळत नाही, ते पडद्याखालून माती उकरून पलीकडे निघतं, असं हालीने नम्रपणे सांगून पाहिलं. हालीला डुकरांतलं कळतं. पण त्याला पत्रिकांतलं कळत नाही, म्हणून त्याचं मत घरात धरलं जात नाही. शेताच्या मध्यभागी चुन्याने एक वाटोळं आणि त्यात इंग्रजी एच काढला गेला. त्या रात्री डुकरांनी पहिल्यांदाच बटाटे सोडून चुना उकरला.

एवढं सगळं झाल्यावर कायद्यात बसणारी कल्पना निघाली ती मामींच्या एका वाक्यातून. पोहे करता करता त्या म्हणाल्या, "मारायचं नाही ना? मग बघायचे पैसे घ्या. इंदूरची माणसं पैसे देऊन काहीही बघतात."

झालं. दोन दिवसांत मचाणाला नवी शिडी लागली, वर गाद्या गेल्या, सोलरचा दिवा लागला आणि सोनकच्छच्या पेंटरकडून पाटी आली : "वराह दर्शन. रात्रीचा मुक्काम. सकाळी पोहे-जिलबी. माणशी पाचशे." खाली बारीक अक्षरांत, "शिकार करून मिळणार नाही." आमिष ठेवायचं नाही, हाका घालायचा नाही, नुसतं बसायचं आणि बघायचं. त्या कार्यालयातल्या सज्जन माणसानेही मान हलवली. बघण्यावर कलम नाही.

गिऱ्हाईक म्हणून पहिली आली ती आमचीच मंडळी. मी, माझी बायको बेबी, दोन मेव्हणे सहकुटुंब, त्यांच्या सोसायटीतलं एक कुटुंब. नात्यातल्यांकडून पैसे घेता येत नाहीत आणि सोसायटीतल्यांना एकट्यांना मागता येत नाहीत, तेव्हा पहिली रात्र उद्घाटनात धरली.

थंडी मरणाची. मामासाहेब कानटोपी घालून, आवाज खाली आणून, "आता अजिबात बोलायचं नाही. नाक तीक्ष्ण असतं, कान त्याहून," असं सांगून खाली उतरले. पुढच्या पाचव्या मिनिटाला सेव-परमलची पिशवी फुटली. मग कुणीतरी गजक काढली. सोसायटीतल्या वहिनींनी "शांततेत झोप येते हो" म्हणून अंताक्षरीचा विषय काढला. मेव्हण्याने फोन एका डब्याएवढ्या स्पीकरला जोडला. मुलांनी मोबाइलचे दिवे लावून शेतावर झोत फिरवायला सुरुवात केली. रात्री बारा वाजता माझी बायको "म" वरून गात होती, आणि तिचं गाणं पुरं होईस्तोवर नाल्यातल्या टिटव्यासुद्धा उठून गेल्या. पहाटेपर्यंत एक डुक्कर दिसलं नाही. एक मांजर आलं, गजक खाऊन गेलं.

सकाळी मंडळी हिरमुसली. मामासाहेब मात्र वरंब्यावर पाठीमागे हात बांधून फिरत होते. हालीने सगळं शेत पायाखाली घातलं आणि येऊन सांगितलं, "दादा, एक खुर नी हे." डुकरं आलीच नव्हती. नाल्यातून वर निघून थेट पलीकडे पटेलांच्या शेतात गेली होती आणि तिथे त्यांनी रात्रभर मन लावून काम केलं होतं.

मामासाहेबांनी पोह्यांची बशी बाजूला ठेवली. घरात शांतता पसरली. मामींनी न सांगता पत्रिका आणि लाल पेन पुढे केलं.

त्यानंतरच्या शनिवार-रविवारी आम्हाला इतक्या अगत्याने बोलावणी येऊ लागली की बायकोला वाटलं मामाची तब्येत बिघडली. लहान मुलं असतील तर आणाच. कुत्रा आहे का? आणा. तो स्पीकर विसरू नका. कुणी कमी बोलणारा नातेवाईक निघाला तर मामासाहेब त्याला प्रेमाने घरीच झोपायला सांगत. "वराह दर्शन"ची पाटी उतरली, कारण दर्शन होऊ नये यातच सगळं हित होतं. झटका मशीनचं कुंपण घालायला जो खर्च आला असता तो एका बाजूला, पोहे-जिलबी दुसऱ्या बाजूला. फरक लाल शाईत. बटाटा वाचला. चणा वाचला. पत्रिकेवरचा आकडा प्रथमच शेतातल्या मालाच्या जवळपास आला.

या प्रकरणातला माझा सहभाग नेमका काय, हे मला कळलं ते जरा उशिरा. एका शनिवारी मामासाहेब म्हणाले, आज आपल्या मचाणाची शिडी दुरुस्तीला आहे, तुम्ही पटेलसाहेबांच्या मचाणावर बसा, आपलेच आहेत. पटेलांनी फारच सरबराई केली. उबदार रजई, गरम दूध, शेंगदाण्याची चिक्की. मला संकोच वाटायला लागला. दूध पिऊन मी जरासा पेंगलो, तर खालून पटेलांचा आवाज आला :

"जमाई साब, सोओ मती. जरा जोर से गाओ. पईसा दिया हे."

मी खाली वाकून विचारलं, कुणाला दिले? पटेलांनी अंधारातच मामासाहेबांच्या घराकडे हात केला. तिकडे दिवा चालू होता. दर त्यांनी मोकळेपणाने सांगितला. साधा नातेवाईक रात्रीचे दीडशे, लहान मूल दोनशे, जावई अडीचशे. जावयाला जास्त का, हे मी विचारलं नाही. थोडं बरंही वाटलं होतं. पलीकडच्या दोन शेतांतही त्या रात्री आमचे लोक होते. एका मचाणावरून मेव्हण्याचा स्पीकर ऐकू येत होता, दुसरीकडून सोसायटीतल्या वहिनी "ल" वरून अडल्या होत्या. मी गायलो. काय गायलो ते सांगत नाही, पण पटेलांचा गहू सुखरूप राहिला.

सकाळी पोह्यांच्या वेळी मी विषय काढला. मामासाहेब अजिबात बिचकले नाहीत. उलट, हिशेब चोख असतो आपला, म्हणून पत्रिका माझ्यासमोर उलटी केली. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या हातचा खर्च आधी मांडलेला पाहिला : जावईबापू, पोहे दोन बश्या. जिलबी पाव किलो. चहा, मोजला नाही. रजईची धुलाई. शिडीचा वापर, दर रात्रीप्रमाणे. घसा बसल्याने आल्याचा काढा, मामींची मजुरी वेगळी. अडीचशेतून ते सगळं वजा जाऊन तळाशी लाल शाईत आकडा होता, दोनदा अधोरेखित. माझ्याकडून चाळीस रुपये येणं निघत होतं.

मी खिशाकडे हात नेला तसा त्यांनी तो वरच्यावर धरला.

"छे, छे. घरच्या माणसाकडून रोख घेतात का? पुढल्या शनिवारी या, त्यात वळते करून घेऊ." मग आवाज खाली आणून, मामींना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "आणि बेबीला जरूर आणा. तिचा आवाज नाल्यापलीकडे जातो. तिकडच्या दोघांनी आगाऊ दिलेत."